आधी खळं, मग प्रयोगशाळा

  

फळांच्या टाकाऊ मालावरच्या या परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने मी तुम्हा सगळ्यांचं रत्नागिरीत मनापासून स्वागत करते.

स्वागताध्यक्षाने गावाचं माहात्म्य सांगावं, असा रिवाज आहे. लोकमान्यांचं जन्मघर इथून जवळ आहे, थिबा राजाचा राजवाडा आहे, भाट्याचा किनारा आहे. उद्या संध्याकाळी तिकडे जायला गाड्या ठेवल्या आहेत. पण तुमच्यापैकी जे काल आंबा घाट उतरून आले, त्यांना गावाची खरी ओळख आधीच झाली असणार. साखरप्याच्या पुढे गाडीची काच खाली केली असेल, तर एक आंबूस-गोड वास आत आला असेल. तो काजूच्या बोंडांचा. मार्च लागला, बिया गोळा होऊ लागल्या. बी पिळून काढायची, पिशवीत टाकायची आणि बोंडू तिथेच झाडाखाली सोडायचं. बोंडाचं वजन बीच्या पाच ते आठ पट असतं. म्हणजे काजूच्या बागेतून जेवढं घरी येतं, त्याच्या कितीतरी पट मातीवर पडून राहतं. ज्या गोष्टीसाठी आपण इथे जमलो आहोत, तिचा वास तुम्ही सभागृहात शिरण्याआधीच घेतलेला आहे.

मी संशोधक नाही. आमचा आंब्याच्या कॅनिंगचा लहानसा कारखाना आहे, वडिलांनी सुरू केलेला. फळाचं काहीही टाकायचं नसतं, हे मात्र मी कारखान्यात शिकले नाही. ते आईकडून शिकले.

आई मे महिन्यात कोकमं फोडायला बसायची. सालींना गराच्या रसाची पुटं देऊन उन्हात वाळवायची, त्यांची आमसुलं व्हायची. रसात मीठ घालून आगळ भरून ठेवायची. राहायच्या त्या बिया. त्या धुऊन, राखून, पाऊस यायच्या आत खडखडीत वाळवून मडक्यात भरायच्या. मग कधीतरी भर पावसात, लावणी उरकल्यावर, ते मडकं खाली यायचं. बिया उखळात कुटायच्या आणि मोठ्या टोपात पाणी घालून उकळत ठेवायच्या. पाण्यावर हळूहळू तवंग जमायचा. आई तो पळीने अलगद काढून वाडग्यात घ्यायची. निवला की पांढुरका, घट्ट व्हायचा. तो कोमट असतानाच ती मुठीत दाबून त्याचे गोळे वळायची, आणि गोळ्यांवर तिच्या बोटांचे ठसे उमटलेले असायचे. हे आमचं मुठेल. गोव्यात याला भिरंडेल म्हणतात. चिखलात उभं राहून पायांना भेगा पडायच्या, तेव्हा आजी गोळ्याचं टोक दिव्यावर धरायची आणि वितळलेला थेंब भेगेत सोडायची. त्या थेंबाचा चटका आणि त्यामागून येणारा आराम मला आजही आठवतो.

आता याच्या शेजारी दुसरी एक गोष्ट ठेवते. २००० साली युरोपीय संघाने चॉकलेटविषयी एक निर्देश काढला. कोकोच्या लोण्याव्यतिरिक्त दुसरी वनस्पतिजन्य चरबी चॉकलेटमध्ये घालायची असेल, तर तयार मालाच्या ५ टक्क्यांपर्यंतच घालता येईल. आणि तीही कोणती, याची सहा नावांची यादी दिली. इलिपे, पामतेल, साल, शिया, कोकम आणि आंब्याची कोय. ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा कागद बाजूला ठेवून थोडा वेळ बसून राहिले. आईच्या मडक्यातलं मुठेल त्या यादीत होतं. आणि आमच्या कारखान्यामागे कुजत पडलेला ढीगही त्याच यादीत होता.

त्या ढिगाबद्दल बोलायलाच मी उभी आहे.

मेचा दुसरा पंधरवडा आला की बाजाराला न चालणारा आंबा कॅनिंगला येतो. डागी, बारका, जास्त पिकलेला. क्रेट रिकामे होतात, आंबा धुतला जातो, पल्पर फिरू लागतो. एका तोंडातून रस निघतो आणि दुसऱ्या तोंडातून साल आणि कोयी. फळाच्या वजनाचा तिसरा हिस्सा तरी या दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतो. सकाळी दहाला निघालेली साल दुपारी तीनला फसफसू लागते. संध्याकाळी तिच्यावर चिलटांचा थर. दुसऱ्या दिवशी ढिगात हात घातलात तर आतून गरम लागतो. कोयीला चिकटलेला रस आंबतो, आतल्या बीपर्यंत ओल मुरते. ज्याला आपण परिषदेत कच्चा माल म्हणणार आहोत, तो एका दिवसात घाण होतो. जिथे फळ उष्ण आणि दमट हवेत पिकतं, तिथे सगळीकडे हीच अडचण आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे पाऊस मृगाच्या आधीच आला. हंगाम शिगेला, माणसं अपुरी, आणि मागे मोठा ढीग तसाच उघडा. आठवड्याभरात वरच्या थरातल्या कोयी रुजून आल्या. तांबूस, लुसलुशीत, हजारो पानं. लांबून पाहिलं तर कुणाला वाटावं, रोपवाटिकाच आहे. आणि त्याच ढिगाच्या पोटातून काळं पाणी झिरपत वहाळात गेलं, आणि वहाळाच्या कडेच्या शेजाऱ्यांच्या विहिरीत उतरलं. शेजारच्या आजी कळशी घेऊन आमच्या दारात आल्या. भांडल्या नाहीत. कळशी पुढे करून एवढंच म्हणाल्या, "बाय, ह्या पाण्याचा वास घे गो." मी वास घेतला. तो सबंध पावसाळा त्यांच्या घरी आमच्या विहिरीचं पाणी पोचवलं. विहीर दोनदा उपसून घेतली. पण ती चूक आमची होती, आणि ती आमच्या एकट्याच्या कारखान्यात झालेली नाही, हे इथे बसलेल्या कॅनिंगवाल्यांना ठाऊक आहे.

पुढच्या वर्षी मी ठरवलं, कोयी विकायच्या. एका खरेदीदाराने आतलं बी वाळवून मागितलं. आम्ही हौसेने कोयी फोडल्या, बी दोन दिवस उन्हात घातलं, पोती भरून पाठवली. पोती परत आली. कळवलं होतं की मालाला बुरशी आहे आणि तेलाची आम्लता वाढलेली आहे. मला तेव्हा फार राग आला. आता कळतं, त्यांचं बरोबर होतं. ताज्या बीमध्ये निम्म्याच्या जवळपास पाणी असतं. ते पाणी आत राहिलं की बीमधलीच विकरं चरबी फोडायला लागतात आणि तेल खवट होतं. वर बुरशी धरली तर तो माल खाण्याच्या कामाचा राहत नाही. आणि हे सगळं पोती बांधण्याच्या आधी होऊन गेलेलं असतं. खरेदीदाराची प्रयोगशाळा कितीही चांगली असो, जे खळ्यात बिघडलं ते तिला दुरुस्त करता येत नाही.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे, आणि ते मी या परिषदेसमोर ठेवते. फळाच्या टाकाऊ मालाचं नशीब पहिल्या दीड-दोन दिवसांत ठरतं. ते ठरतं आमच्या खळ्यात, वाळवण घालणाऱ्या बायकांच्या हातून. संशोधनाची सुरुवात तिथून व्हायला हवी.

त्या धड्यानंतर आम्ही कोयी आधी ड्रममध्ये घोळवून धुतो, रसाचा अंश ठेवत नाही. मग जाळीवर एकेरी थरात पसरतो, ढीग करत नाही. खालून वारा खेळला पाहिजे. दिवसातून दोनदा हलवायच्या. आमच्याकडे एक मावशी आहेत, त्या कोय कानाशी धरून हलवतात. आत बी खुळखुळलं की म्हणतात, "झाली." ओली कोय मुकी असते. बी आटून कवचापासून सुटं झालं की ती बोलते. आर्द्रता मोजायचं यंत्र आम्ही नंतर घेतलं. त्याचे आकडे आणि मावशींचा कान यांची फारशी चुकामूक होत नाही. मग अडकित्त्याने कवच फोडायचं, बी वेगळं, कवच बॉयलरला. शंभर किलो सुक्या बीमधून साधारण आठ-दहा किलो चरबी मिळते. बाकीचा मोठा भाग स्टार्च. चरबी खोलीत ठेवली तर घट्ट, तळव्यावर ठेवली तर मऊ. हाताला लावून पाहिली आणि मला आजीचे पाय आठवले.

अडचण उन्हाची आहे. कॅनिंगचा आंबा येतो मेच्या उत्तरार्धात, आणि मृग लागतो जूनच्या ७-८ तारखेला. हातात उरतात जेमतेम दोन-तीन आठवडे. कोकमालाही हीच घाई. आईची मे महिन्यातली सगळी धावपळ ढगांशी होती आणि आमचीही तीच आहे. आम्हाला कमी खर्चाचं, पावसातही चालणारं, बॉयलरच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालेल असं वाळवणघर हवं आहे. परिषदेत रेणूंच्या रचनेवर उत्तम निबंध वाचले जाणार आहेत, ते आम्ही लक्षपूर्वक ऐकू. पण वाळवणघरावर एकच निबंध आहे. पुढच्या वेळी निदान पाच असावेत, अशी माझी विनंती आहे.

इथे दापोलीच्या विद्यापीठातले लोक बसले आहेत, म्हणून एक आठवण करून देते. याच विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्रातून 'सिंधू' हा आंबा आला, ज्याची कोय इतकी पातळ की चाकू अडत नाही. कोय लहान करण्याचं काम त्यांनी करून दाखवलं. जाड कोयीचा हापूस मात्र आमच्या डोंगरांवर अजून शे-दीडशे वर्षं तरी राहणार. त्या कोयीचं करायचं काय, हेही त्यांनीच हातात घ्यावं.

याच किनाऱ्यावर एका टाकाऊ वस्तूला पूर्ण किंमत मिळालेली आहे, ती म्हणजे काजूचं टरफल. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात काजू इथे आणला. त्याच्या टरफलात वजनाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकं तेल असतं. काळं, जहाल, कातडीला लागलं तर साल सोलवटून काढणारं. आमचे मच्छीमार लाकडी होड्यांना ते लावत आले, कीड लागू नये म्हणून. आज त्यापासून राळ होते, रंग होतात, जहाजांना द्यायचे लेप होतात, ब्रेक-लायनिंगमध्ये घालायची भुकटी होते. तुमची गाडी काल घाटात वळणावर थांबली, तेव्हा त्या ब्रेकमध्ये काजूच्या टरफलाचा काही वाटा असण्याची दाट शक्यता आहे. म्हणूनच काजूचा कुठलाही कारखानदार आज टरफल फेकत नाही.

पण या यशाची दुसरी बाजू मी पाहिलेली आहे. काजू फोडणाऱ्या बाईचा हात हातात घेऊन पाहा. बोटांची टोकं काळी, कातडी जाड, मध्येच गुलाबी, नवी आलेली. खोबरेल लावून, राख लावून ती दिवस काढते. हातमोजे दिले तर फोडण्याचा वेग कमी होतो, आणि मजुरी किलोवर असते. म्हणजे हातमोज्याचा खर्च तिच्या मजुरीतून वसूल होतो. उद्याच्या चर्चेत कुणी काजूतेलाच्या राळेचा भाव सांगितला, तर या हाताचा हिशेब त्यात धरला आहे का, हे मी विचारणार आहे. राग मानू नका.

बोंडाबद्दल मी सुरुवातीला बोलले. तेच बोंडू बांद्यापलीकडे, गोव्यात गेलं की त्याचा नीरो होतो, उर्राक होते, फेणी होते. काजूफेणीला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. बांद्याच्या अलीकडे मात्र ते बहुतेक ठिकाणी मातीत जातं. सरबत, वाळवलेला चोथा, व्हिनेगर असे प्रयत्न चालू आहेत, आणि गोव्याचे पाहुणे त्यावर अधिकाराने बोलतील.

इतरत्र काय चाललं आहे, तेही थोडं सांगते. कार्मेन हिजोसा या स्पॅनिश बाई नव्वदच्या दशकात चामड्याच्या सल्लागार म्हणून फिलिपिन्सला गेल्या. कातडी कमावण्याने होणारी घाण त्यांनी तिथे पाहिली, आणि त्याच देशात अननसाच्या पानांच्या धाग्यांनी विणलेलं कापडही पाहिलं. फळ कापल्यावर शेतात राहणाऱ्या त्या पानांपासून त्यांनी चामड्यासारखं कापड केलं. एका चौरस मीटरला सुमारे ४८० पानं लागतात, म्हणजे सोळा अननसांची. केरळात 'मलाई' नावाच्या उद्योगाने जून नारळाचं फेकून दिलं जाणारं पाणी घेतलं, त्यात जिवाणू वाढवले, आणि दोन आठवड्यांच्या आसपास त्या जिवाणूंनी विणलेल्या जेलीसारख्या पत्र्यापासून पिशव्या-पाकिटांचं साहित्य तयार केलं. आणि रॉटरडॅममध्ये दोन तरुण डिझायनरांनी बंदरात नाकारलेले आंबे कुटून, शिजवून, ताटांत पातळ पसरून वाळवले आणि त्याचं चामडं केलं.

हे शेवटचं ऐकून इथल्या बायका माझ्याकडे पाहून हसताहेत. बरोबर आहे, हे आंब्याचं साठं आहे. ताटाला तूप लावून रस पसरायचा, वाळला की त्यावर दुसरा हात द्यायचा, कडा सुटली की उलटायचं. पातळी कशी राखायची, भेग कशामुळे पडते, ढगाळ दिवशी काय करायचं, हे आमच्या घराघरांत माहीत आहे. ते साठं खायचं आहे आणि हे चामडं पायात घालायचं, एवढाच फरक. या कामात बाहेरून आलेल्या तंत्रज्ञांनी आम्हाला शिकवायचं जेवढं आहे, तेवढंच आमच्याकडून विचारून घ्यायचंही आहे.

खानदेशातल्या पाहुण्यांचं विशेष स्वागत, कारण त्यांचा माल आमच्याहून अवघड आहे. केळीचं झाड एकदाच घड देतं आणि मग खोड आडवं होतं. त्या खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. धागा काढायला खोड न्यायचं, तर वाहतूक करायची ती पाण्याचीच. नवसारीच्या कृषी विद्यापीठाने तो धागाही वापरला आणि खोडाचा रसही वाया न घालवता त्याचं द्रवखत केलं. खोड शेताबाहेर नेण्याआधीच त्याचं पाणी शेतात ठेवायचं, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

आता एक काळजी. 'टाकाऊतून टिकाऊ' हे आपण शाळेपासून ऐकतो. पण प्लास्टिक आपल्या गळ्याशी आलं आहे ते टिकतं म्हणूनच. फळाच्या सालीचा पत्रा पाण्याने फुगू नये, तुटू नये म्हणून त्यात राळ मिसळतात, वर पॉलियुरेथेनचा लेप देतात. अननसाच्या कापडातही मक्यापासूनचं पीएलए असतं आणि वरून लेप असतो. अशी वस्तू चामड्यापेक्षा बरी असू शकते, पण ती मातीत मिसळून जाईल असं सांगून विकू नये. किती टक्के फळ आणि किती टक्के राळ, हे लेबलवर लिहायला लाज कसली? आणि हे मी कारखानदार म्हणून सांगते, कारण खोट्या लेबलची पहिली झळ खऱ्या मालाला बसते.

आणखी एक. सगळाच टाकाऊ माल टाकाऊ नसतो. आंब्याची साल आमची गुरं आवडीने खातात. रायवळच्या कोयी पावसाच्या तोंडावर रुजत घालून त्यांच्यावर हापूसची कोयकलमं बांधतात. सडलेलं फळ बागेतच पुरलं तर ते त्या झाडाचंच खत होतं. कोयीला पैसे मिळतात म्हणून कुणी रुजत घालायच्या कोयीही वाळवणीला आणल्या, किंवा गुरांची साल पेक्टिनसाठी नेली, तर मला ते रुचणार नाही. गुरांचं आणि मातीचं भागवून जे उरतं, त्यावरच आपला हक्क.

व्यवस्थेबद्दल थोडं. दुपारचं जेवण बचत गटाच्या भगिनींनी केलं आहे. सोलकढीचं आगळ गेल्या मेचं आहे. नारळाची सोडणं आणि करवंट्या चुलीखाली गेल्या आहेत. पत्रावळ्या पळसाच्या आहेत. तुमच्या प्रत्येकाच्या पिशवीत कागदात गुंडाळलेला एक पांढुरका गोळा आहे. तो साबण नव्हे. ते मुठेल आहे. हवं तर ओठांना लावा, हवं तर तपासायला न्या. त्यावर बोटांचे ठसे दिसतील, ते पुसू नका. वळणाऱ्या बाईंना मी सांगितलं होतं, साच्यात घालू नका म्हणून.

उद्या दुपारी तीन वाजता आमच्या वाळवणघरात जायचं आहे. तिथे आत्ता फक्त काजूचा चोथा आणि रिकाम्या जाळ्या दिसतील, कारण कोयी अजून झाडावर आहेत, सुपारीएवढ्या कैऱ्यांच्या पोटात. म्हणून या परिषदेचं माझ्या लेखी पुढचं सत्र मेच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. ज्यांना खरंच या मालावर काम करायचं आहे, त्यांनी तेव्हा या. लॉज भरलेले असतील, तर राहायची सोय आमच्या घरांत करू. पहाटे पाचला पल्पर सुरू होतो. आर्द्रता मोजायची तुमची यंत्रं बरोबर आणा, आणि मावशींच्या शेजारी जाळीपाशी बसा.